देहूकडे निघालेलं पाणी बदलापुरात

मे महिन्यात बदलापूरच्या नळाला जे पाणी येतं, त्यातल्या बऱ्याच थेंबांची वाट मुळात वेगळी होती. हे पाणी पडलं मावळात. आंध्रा नदीतून त्यानं इंद्रायणीला मिळायचं, देहू-आळंदी करत भीमेत शिरायचं, पंढरपूरला चंद्रभागा होऊन वाळवंटाला वळसा घालायचा आणि कृष्णेबरोबर थेट बंगालचा उपसागर गाठायचा, असा त्याचा निसर्गानं ठरवलेला रस्ता. टाटांनी ठोकरवाडीला या आंध्रेवर धरण बांधलं, सह्याद्रीच्या पोटातून बोगदा नेला आणि पाचशे मीटरांहून जास्त उंचीवरून ते पाणी खाली कोकणात, कर्जतजवळच्या भिवपुरी वीजघराच्या टर्बाइनवर सोडलं. 1922 साली हे वीजघर सुरू झालं. वीज मुंबईला गेली आणि टर्बाइन फिरवून मोकळं झालेलं पाणी उल्हास नदीत आलं. ते आजही येतंय.

उल्हास ही घाटमाथ्याच्या पायथ्याची, पावसावर जगणारी नदी. राजमाची-खंडाळ्याच्या डोंगरांतून ती निघते, कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर करत कल्याणच्या खाडीला मिळते. कोकणातल्या तिच्या बाकीच्या बहिणी एप्रिलपर्यंत डोहांपुरत्या उरतात. उल्हास मात्र भर उन्हाळ्यात वाहती असते, कारण वरून विजेचं पाणी येत असतं आणि खाली बारवी धरणातून सोडलेलं पाणी तिला मिळत असतं. बदलापूरच्या बॅरेजवर, जांभूळला, मोहन्याला, शहाडला हे पाणी उचललं जातं आणि बदलापूर-अंबरनाथपासून उल्हासनगर, कल्याण, ठाण्यापर्यंतची लाखो घरं ते पितात. जे पाणी वारकऱ्यांच्या पायाशी जायचं, ते लोकल पकडणाऱ्यांच्या बाटलीत येऊन बसलं आहे. मला यापेक्षा मोठं नवल या पट्ट्यात दुसरं दिसत नाही, आणि तरीही ते फारसं कुणाला ठाऊक नसतं.

या नदीच्या आणि तिला कल्याणजवळ मिळणाऱ्या वालधुनीच्या काठाकाठानं कॉलेजं उभी आहेत. उल्हासनगरला आर. के. तलरेजा आणि चांदीबाई हिम्मतमल मनसुखानी, बदलापूरला आदर्श, शिवाय गेल्या काही दशकांत निघालेली आणखी कितीतरी. मुंबईतल्या जुन्या, नावाजलेल्या कॉलेजांपुढे ही लहानच मानली जातात. सकाळच्या वर्गाला बसून दुपारी दुकानात, कारखान्यात, क्लासमध्ये काम करणारी मुलं इथे शिकतात. घरात पदवीपर्यंत पोचलेलं पहिलंच माणूस असलेल्या मुली इथे शिकतात. अशा कॉलेजांच्या फलकावर निसर्ग मंडळाची सूचना एका कोपऱ्यात असते आणि सांस्कृतिक विभागाची दुसऱ्या. वृक्षारोपण इकडे, लोकनृत्याची तालीम तिकडे. पण उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या तीन गावांमध्ये ही विभागणी टिकतच नाही. इथलं कुठलंही झाड, देऊळ, गाणं, भाजी घ्या आणि ती कुठून आली ते शोधत जा. दोन-चार पावलांत तुम्ही पाण्यापाशी पोचता.

मुलांना या पाण्याकडे नेणारी एक वाट अभ्यासक्रमातून जाते. पर्यावरण हा विषय पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकावा लागतो, तो एका खटल्यामुळे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं 22 नोव्हेंबर 1991 रोजी निकाल दिला आणि शाळा-कॉलेजांत पर्यावरण शिक्षण असलंच पाहिजे असं सांगितलं. त्याला अभ्यासक्रमाचं रूप यायला पुढची बारा वर्षं लागली. विद्यापीठ अनुदान आयोगाचं सर्व शाखांसाठीचं पाठ्यपुस्तक लिहिलं ते पुण्याच्या डॉ. एराक भरुचा यांनी. त्या अभ्यासक्रमात एक छोटासा भाग क्षेत्रकार्याचा आहे: आपल्या परिसरातली नदी, जंगल किंवा डोंगर पाहा, प्रदूषित झालेली एखादी जागा पाहा, साध्या वनस्पती, कीटक, पक्षी ओळखायला शिका. इतर ठिकाणी यासाठी बस ठरवून सहल काढावी लागते. उल्हासनगर-अंबरनाथच्या मुलांना हे सगळं एका तिकिटाच्या अंतरावर आहे.

दुसरी वाट राष्ट्रीय सेवा योजनेची, म्हणजे मुलांच्या तोंडची एनएसएस. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 रोजी, 37 विद्यापीठांत आणि 40 हजार स्वयंसेवकांनिशी ती सुरू झाली. वर्षाला 120 तास काम, दोन वर्षांत 240, आणि दत्तक घेतलेल्या गावात सात दिवसांचं निवासी शिबिर. छातीवरच्या बिल्ल्यात कोणार्कच्या रथाचं चाक. गणेशोत्सवात विसर्जन घाटावर निर्माल्य गोळा करायला उभी राहणारी मुलं बहुतेक हीच. काही जण सवलतीच्या गुणांसाठी नाव घालतात हे खरं, पण गुणांसाठी आलेला मुलगा रात्री अकरा वाजता कमरेइतक्या पाण्यात उभा राहून फुलं आणि थर्माकोल वेगळं करत असेल, तर त्याच्या हेतूची चौकशी करण्यात मला काही अर्थ वाटत नाही.

उल्हासनगरची गोष्ट दुसऱ्या एका नदीपासून सुरू होते. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची कल्याण छावणी होती. फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्या माणसांना सरकारनं या रिकाम्या बराकींत आणलं. लाखाच्या आसपास माणसं. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी वसाहतीला नाव दिलं ते जवळून वाहणाऱ्या नदीवरून. आजही इथले पत्ते कॅम्प नंबर एक ते कॅम्प नंबर पाच असेच सांगतात. सिंधू सुटली आणि उल्हास मिळाली.

या माणसांचा देवच नदीचा आहे. झूलेलाल पल्ला माशावर बसलेला दाखवतात. पल्ला म्हणजे बंगालची हिलसा. समुद्रातून नदीच्या उलट्या प्रवाहात चढत जाऊन ती अंडी घालते, आणि प्रवाहाविरुद्ध पोहणारा हा मासा सिंधी घरातल्या देवघरात झूलेलालाचं वाहन म्हणून असतो. कथा अशी, की थट्ट्याच्या मिरखशाहानं धर्म सोडण्याची सक्ती केली तेव्हा लोकांनी नदीकाठी चाळीस दिवस उपास केला आणि पाण्यातून देवाची वाणी झाली. तेच चाळीस दिवस आजही जुलै-ऑगस्टात चालिहो म्हणून पाळले जातात. चेटीचंडच्या सणाला बहराणा साहिब निघतो. दिवा, कणकेचा गोळा, फळं, कलश हे सारं नाचत-गात पाण्यापर्यंत नेऊन सोडतात. नदी हजारभर किलोमीटर मागे राहिलेली असताना एखाद्या समाजानं नदीची पूजा चालू ठेवली, पाणी मिळेल तिथे तीच नदी मानली. उल्हासनगरच्या एखाद्या कॉलेजात लोकनृत्याच्या तालमीला मुलगे काठ्या घेऊन छेज नाचतात, तेव्हा त्या नाचाचा उगमही याच पाण्याच्या मिरवणुकांत सापडतो.

कॉलेजंसुद्धा इथे स्थलांतर करून आली. सिंधमधल्या हैदराबाद शहरात दयाराम गिडुमल यांच्या पुढाकारानं आणि अॅनी बेझंट यांच्या पाठबळानं एक नॅशनल कॉलेज निघालं. फाळणीनंतर प्राचार्य के. एम. कुंदनानी आणि बॅरिस्टर होतचंद अडवानी यांनी ते 1949 साली मुंबईत, वांद्र्याला पुन्हा उभं केलं. ते चालवणाऱ्या मंडळानंच पुढे 1965 साली उल्हासनगरला चांदीबाई कॉलेज काढलं. आणि मूळ कॉलेज सिंधमध्ये कधी सुरू झालं होतं? 1922 साली. ज्या वर्षी भिवपुरीला पाण्यानं आपली दिशा बदलली, त्याच वर्षी. निव्वळ योगायोग आहे, पण तो कळल्यापासून या दोन गोष्टी मला वेगळ्या आठवताच येत नाहीत.

आता रुळांच्या कडेनं अंबरनाथला जाऊ. स्टेशनच्या पूर्वेला, वालधुनीच्या अगदी काठावर, काळ्या दगडातलं शिवमंदिर आहे. उत्तरेकडच्या दाराच्या वर, आतल्या बाजूला तुळईवर एक संस्कृत लेख कोरला आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यातलं साल वाचलं शके 782. नंतर पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते शके 982 असल्याचं दाखवलं. एका आकड्याचं वळण नीट लागलं आणि देऊळ एकदम दोनशे वर्षांनी अलीकडे आलं: 1060 सालचा श्रावण, शुक्ल नवमी, शुक्रवार. उत्तर कोकणच्या शिलाहार राजांनी, छित्तराजानं आरंभ करून आणि त्याच्या भावानं, मुम्मुणीनं पुरं करून, हे उभारलं. वारासकट तारीख माहीत असलेली अकराव्या शतकातली इमारत आपल्याकडे विरळाच.

शिखराची रचना भूमिज पद्धतीची. मधल्या उभ्या पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंना लहान लहान शिखरं एकावर एक ओळीनं चढत जातात, म्हणजे अख्खं शिखर स्वतःच्याच छोट्या प्रतिकृतींनी बनलेलं असतं. ही शैली माळव्यातली. सिन्नरचं गोंदेश्वर याच घराण्यातलं आणि अंबरनाथ त्यातल्या सर्वांत जुन्या उभ्या असलेल्या मंदिरांपैकी एक. भिंत सरळ कुठेच नाही. ती सतत कोन घेत आत-बाहेर होते, त्यामुळे सकाळी आठला ज्या मूर्तीवर सावली असते ती दहाला उजळते. दिवसभर बसून राहिलं तर उन्हाबरोबर मूर्तींचा क्रम वाचता येतो. दगड जवळचाच, सह्याद्रीचा बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. बेसाल्ट कोरायला संगमरवरापेक्षा कितीतरी चिवट. त्यात बोटभर जाडीचे दागिने, केसांच्या बटा कोरणाऱ्या हातांची सवय कुठल्या दर्जाची असेल!

गर्भगृहात जायला वर चढावं लागत नाही. वीसेक पायऱ्या खाली उतराव्या लागतात. वरचं शिखर उघडं आहे, त्यातून उजेड थेट पिंडीपर्यंत येतो. जमिनीच्या पातळीखालचा देव आणि शेजारून वाहणारी नदी. जोराच्या पावसात वालधुनी फुगली की तिचं पाणी आवारात शिरतं. शिलाहारांच्या स्थपतींना ही नदी किती चढते हे माहीत नसेल, असं मानणं अवघड आहे. तरीही त्यांनी पाण्याच्या एवढ्या जवळ, एवढं खाली, देवाला बसवलं. महाशिवरात्रीला लाखो माणसं रांगेत उभी असतात तेव्हा त्यांच्या एका हाताला नऊशे साठाहून अधिक वर्षांचं कोरीवकाम असतं आणि दुसऱ्या हाताला ही नदी.

आणखी एक गोष्ट कॉलेजच्या मुलांना मुद्दाम सांगावीशी वाटते. 1868 साली मुंबई सरकारनं या देवळाची पद्धतशीर नोंद करायचं ठरवलं तेव्हा काम सोपवलं ते एका कॉलेजकडे. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचं पथक टेरी नावाच्या शिक्षकाच्या देखरेखीखाली इथे आलं, त्यांनी नकाशे काढले, मूर्तींचे साचे घेतले. भारतातल्या जुन्या वास्तूंची पद्धतशीर मोजदाद ज्या काळात नुकती आकार घेत होती, तेव्हाचं हे काम. दीडशे वर्षांत कितीतरी मूर्तींची झीज झाली आहे. पाऊस, हवा, हातांचा स्पर्श. आज अंबरनाथच्या कॉलेजातल्या चार मुलांनी मोबाइलवर एकाच कोनातून, एकाच वेळी, दर वर्षी त्याच वीस शिल्पांची छायाचित्रं घेतली, तरी तेच काम पुढे चालू राहील.

देवळाच्या मागे जाऊन वालधुनीकडे पाहिलं की मन खट्टू होतं. ती मलंगगड-तावलीच्या डोंगरांच्या बाजूनं येते. काकोळे गावाजवळ इंग्रजांच्या काळात जीआयपी रेल्वेनं वाफेच्या इंजिनांसाठी तिचं पाणी अडवलं, म्हणून त्या तलावाला आजही जीआयपी धरण म्हणतात. आता त्याच धरणाच्या पाण्यावर अंबरनाथचा रेल नीर प्रकल्प चालतो. म्हणजे प्रवासात आपण जी सीलबंद बाटली विकत घेतो, तिच्यातलं पाणी वालधुनीचं असू शकतं. आणि तीच नदी काही किलोमीटर खाली, उल्हासनगरात, काळ्या फेसाच्या नाल्यासारखी वाहते. मध्ये औद्योगिक वसाहत येते, गावाचं सांडपाणी येतं. जीन्स रंगवणाऱ्या-धुणाऱ्या कारखान्यांच्या काळात तिचा रंग त्या दिवशीच्या मालावर ठरायचा. नोव्हेंबर 2014 मध्ये एका टँकरनं तिच्यात रसायन ओतलं आणि पहाटेच्या झोपेत असलेल्या वस्तीतल्या शेकडो लोकांना श्वास घेता येईना म्हणून रुग्णालयात न्यावं लागलं.

नदी मेली असं आपण सहज म्हणतो. ती किती मेली हे मोजता येतं, आणि ते मोजण्याची पद्धत एका विद्यार्थ्यानं शोधली आहे. लायोश विंकलर हा हंगेरीचा तरुण. बुडापेस्टमध्ये डॉक्टरेटचं काम करत असताना, 1888 साली, त्यानं पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायची रीत बसवली. रसायनशास्त्राच्या कुठल्याही कॉलेज प्रयोगशाळेत ती आजही करता येते. काचेच्या घट्ट बुचाच्या बाटलीत, एकही बुडबुडा न ठेवता, नदीचं पाणी भरायचं. त्यात मँगनीजचं एक क्षार-द्रावण आणि अल्कलीतलं आयोडाइड घालायचं. बाटलीत गाळ तयार होतो. पाण्यात ऑक्सिजन असेल तर हा गाळ तपकिरी होतो, नसेल तर पांढराच राहतो.

एवढं पाहायला यंत्र लागत नाही, डोळे पुरतात. पुढे आम्ल घातलं की जितका ऑक्सिजन होता तितक्या प्रमाणात आयोडीन सुटतं आणि पाणी पिवळंजर्द होतं. त्यात थायोसल्फेट थेंब थेंब सोडत जायचं, शेवटाकडे स्टार्च घालायचा, द्रावण गडद निळं होतं, आणि एका थेंबासरशी तो निळा रंग साफ नाहीसा होतो. किती थेंब लागले त्यावरून ऑक्सिजनचा आकडा निघतो. सांडपाण्यातलं नायट्राइट या हिशेबात गडबड करतं, म्हणून घाण पाण्यासाठी सोडियम अझाइड घालण्याची सुधारणा नंतर आली. तीस अंश तापमानाचं स्वच्छ पाणी लिटरमागे साधारण साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन धरून ठेवतं. चार-पाचच्या खाली गेलं की बहुतेक माशांना धाप लागते. हवेत ऑक्सिजन एकवीस टक्के. पाण्यात तो असा मिलिग्रॅममध्ये मोजावा लागतो. माशाचं सगळं आयुष्य या चिमूटभर श्रीमंतीवर चालतं, आणि आपण नदीत जे जे कुजणारं सोडतो ते कुजवणारे जिवाणू नेमकी हीच चिमूट आधी उचलतात.

ऑक्सिजन जवळजवळ संपला तरी नदी रिकामी होत नाही, हे मला त्याहून थक्क करतं. काळ्या गाळात हात घातला तर रक्तासारख्या लाल, वळवळणाऱ्या अळ्या दिसतात. डासासारख्याच दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या एका किड्याची ही पिल्लं. त्यांचा लाल रंग आपल्या रक्तातलाच: हिमोग्लोबिन. बहुतेक कीटकांना त्याची गरज नसते, कारण त्यांच्या शरीरात हवा नळ्यांनी खेळते. या अळ्यांनी मात्र घुसमटीत जगण्यासाठी हिमोग्लोबिन बाळगलं आहे, मिळेल तो ऑक्सिजनचा कण धरून ठेवायला. प्राणिशास्त्राचा विद्यार्थी चाळणी आणि भिंग घेऊन काठावर गेला तर फक्त कोण राहतंय ते पाहून नदीची प्रकृती सांगू शकतो. चपळ, शेपटीला तीन केस असलेल्या मेफ्लायच्या अळ्या दिसल्या की पाणी चांगलं. लाल अळ्याच अळ्या, तर पाणी घुसमटलेलं. एका सकाळी काकोळ्याला, देवळाशी, उल्हासनगरच्या पुलाखाली आणि कल्याणला अशा चार बाटल्या भरल्या, तर एकाच नदीचं चरित्र प्रयोगशाळेच्या टेबलावर ओळीनं उभं राहील, तपकिरीकडून पांढऱ्याकडे जाणारं.

बदलापूरची बाजू हिरवी आहे. पूर्वेला बारवीचं जंगल, दुसऱ्या अंगाला चंदेरी आणि तावलीच्या भिंती, कोंडेश्वरचे धबधबे. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पलीकडे जातो आणि पावसाळ्यात नदी घरात येते. 27 जुलै 2019 रोजी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये उल्हासच्या पुरात अडकली. हजारावर प्रवासी होते. नौदल आणि आपत्ती दलाच्या आधी धावले ते आसपासच्या गावांतले लोक. मे महिन्यात देहूचं पाणी उसनं घेणारी नदी जुलैत रूळ बुडवते, हेच तिचं वर्षचक्र. पावसाळा ओसरला की जलपर्णीचे गालिचे पसरू लागतात. ही दक्षिण अमेरिकेची वनस्पती, जांभळ्या फुलांची, दिसायला देखणी. सांडपाण्यातलं नत्र आणि फॉस्फरस मिळालं की दोनेक आठवड्यांत दुप्पट होते. जिथे जलपर्णी माजली तिथे वरून कुठलं तरी सांडपाणी येतंय, एवढं बिनचूक समजावं.

पण मला सांगायची आहे ती जूनच्या पहिल्या आठवड्यातल्या बाजाराची गोष्ट. बदलापूर, अंबरनाथ, कल्याण स्टेशनबाहेर ठाकूर आणि कातकरी बाया रानभाज्यांच्या जुड्या घेऊन बसतात. जांभळं असतातच, बदलापूरच्या जांभळाला आता भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्यांच्या शेजारी काही दिवसच दिसतात ती शेवळं. सुरणाच्या जातीतल्या रानकंदाचा हा फुलोरा, वळिवाचं पाणी जमिनीत मुरलं की पानांच्या आधीच तो वर येतो. जुडी घेतली तर बाई विचारते, काकडं देऊ का? काकड म्हणजे एका रानझाडाची आवळ्याएवढी हिरवी, आंबट फळं. ती घेतली नाहीत तर भाजी करू नका, घसा धरेल, असं ती बजावते.

घसा धरतो, कारण शेवळाच्या पेशींमध्ये कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात, जुडगे बांधून ठेवल्यासारख्या. चावल्यावर त्या सुटतात आणि जिभेला, घशाला टोचतात. खाणाऱ्या प्राण्याला दूर ठेवायची ही झाडाची तजवीज. वनस्पतिशास्त्राच्या मुलानं शेवळाचा पातळ काप काचेवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर त्या सुया स्पष्ट दिसतात. आंबट रसानं त्यांची खाज मरते. अळूला चिंच किंवा आमसूल घालतात ते याचसाठी. नवलाची बाब ही, की शेवळं आणि काकडं एकाच वेळी येतात. विष आणि उतारा एकाच रानात, एकाच पंधरवड्यात. कुणीतरी, कधीतरी, घसा धरलेल्या अवस्थेत हे जोडीनं शोधलं असणार, आणि सुक्या सोड्यांबरोबर शिजवणाऱ्या आग्री घरांपासून वालाबरोबर शिजवणाऱ्या प्रभू घरांपर्यंत ते ज्ञान पोचलं. अलीकडे अनेक कॉलेजांतून रानभाज्यांची प्रदर्शनं भरतात. टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, लोत अशी नावं पाट्यांवर लिहिलेली असतात. प्रदर्शन कुठल्या विभागाचं, निसर्ग मंडळाचं की सांस्कृतिकचं, असा प्रश्न त्या वेळी कुणालाच पडत नाही. ज्या मुलीची आई स्टेशनबाहेर जुड्या विकते, ती मुलगी त्या दिवशी प्राध्यापकांना शिकवते.

हे ज्ञान लिहून ठेवायची कायदेशीर जागा आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिनं लोक जैवविविधता नोंदवही तयार करावी असं सांगितलं. या नोंदवहीची कल्पना डॉ. माधव गाडगीळ यांची. त्याआधी, 1990 च्या दशकात, त्यांनी पश्चिम घाटातल्या साध्या पदवी कॉलेजांतले शिक्षक आणि विद्यार्थी एकत्र करून एक जाळं विणलं होतं. फुलझाडं, पक्षी, गोड्या पाण्यातले मासे, मुंग्या यांच्या नोंदी ठरलेल्या जागी, ठरलेल्या पद्धतीनं या लहान कॉलेजांनी घ्यायच्या. संशोधन संस्था दूर असतात, त्यांचे प्रकल्प तीन वर्षांत संपतात. कॉलेज मात्र एका ओढ्याच्या काठी पन्नास वर्षं उभं असतं आणि दर जूनला त्याच्याकडे नव्या डोळ्यांची एक तुकडी येते. ही गाडगीळांची दृष्टी वालधुनीच्या काठाला जितकी लागू पडते तितकी क्वचित कुठे पडत असेल.

काकोळे ते कल्याण हे सारं अंतर रिक्षा आणि लोकलनं अर्ध्या दिवसात पुरं होतं. एका नमुन्याला तीनशे मिलिलिटरची एक बाटली पुरते. ऑक्सिजन काठावरच बांधून घ्यावा लागतो, म्हणजे पहिली दोन रसायनं तिथेच घालायची. तपकिरी की पांढरा, हे तिथल्या तिथे दिसतं, आणि बाकीचं काम कॉलेजात पोचल्यावर. सोबत एका वहीत त्या दिवशी घाटावर काय सोडलं गेलं तेही लिहावं: महाशिवरात्रीचा बेल, चालिहोची मटकी, दीड दिवसाचे गणपती, छठचा दिवा. दहा वर्षांच्या अशा नोंदी झाल्या, तर कुठला सण नदीला किती जड जातो आणि कुठला कारखाना किती, हे पहिल्यांदाच आकड्यांत समोर येईल. माझा अंदाज असा, की सणांचा वाटा लोक समजतात त्याहून पुष्कळ कमी निघेल.